साडूचं चर्च

कुठल्याही इमारतीत शिरताच टाळी वाजवून पाहणारा माणूस मी उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मंगल कार्यालय असो की बँक, तो आत आला की एक टाळी वाजवतो, मान तिरकी करून ऐकतो आणि निकाल देतो. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला भर पाहुण्यांत त्यानं ही तपासणी केली आणि "मुकं हाय" एवढंच म्हणून जेवायला बसला. माझी बायको त्या दिवशी सख्ख्या बहिणीशीही बोलली नाही.

घाटंजीला त्याचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान. टाळीचा नाद लागला तो जवळच्या गावातल्या जुन्या कॅथलिक चर्चपायी. नाताळाचे माइक लावायला गेला, वायर जोडण्याआधी वेदीजवळून सहज कुणाला हाक मारली, आणि ती थेट दारापर्यंत स्वच्छ पोचली. आपला माल इथं बिनकामाचा आहे, या शोधानं हरखणारा दुकानदार दुसरा नसेल. मग त्यानं मलाही ओढून नेलं. त्या चर्चवरून मी आयुष्यभर गेलो होतो, पण मान वर करून पाहिलं ते तेव्हाच. वर कौलांचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या, बाजूला काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, आणि भर मे महिन्यात आत गारवा. एवढे वासे वर चढवले कसे, टेकू काढल्यावर कमान पडत काहून नाही, खिडक्या इतक्या उंच कायले, असं तो विचारत राही. मला उत्तर आलं नाही की खूश होई. येत त्यालाही नसे.

मागच्या वर्षी फादरांनी त्याला बोलावून सांगितलं की छप्पर गळतं, तेव्हा पत्रे टाकू, खाली फॉल्स सीलिंग करू आणि नवी साउंड सिस्टिम तुम्हीच बसवा. दुकानासाठी इतकं मोठं काम कधी आलं नव्हतं. साडू दोन दिवस नीट जेवला नाही. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर लोक बसले होते, तिथं हा जाऊन उभा राहिला.

"फादर, काम मले मिळून राह्यलं, पन मी करत नाही. वरतून झाकलं तं आवाज मरून जाईन."

एकानं शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमचा आवाज राहीन, पन आमचं डोकं भिजते त्याचं काय?"

प्रश्न रास्त होता. साडू खाली बसला. तेव्हा गाणी म्हणणारी एक म्हातारी बाई उठली आणि माइक बाजूला सारून तिनं एक कडवं म्हटलं. लोक आधी तिच्याकडे आणि मग हळूहळू वर पाहू लागले. फादरही.

पत्रे आणि सीलिंग दोन्ही रद्द झालं. फुटक्यांच्या जागी बसवायला तशीच जुनी कौलं मात्र साडूनंच शोधायची ठरली. कळंब-बाभुळगावकडे कुठं जुनं घर पाडताहेत कळलं की हा टेम्पो घेऊन हजर. तरी एक कोपरा अजून गळतो. पावसाळ्यात तिथं बादली ठेवतात.

आयुष्य कर्ण्यांजवळ गेल्यानं आता त्याला फार कमी ऐकू येतं. परवा मी त्याच्यासोबत चर्चला गेलो होतो. गाणं सुरू असताना तो भिंतीला तळहात लावून उभा होता. सगळे गेल्यावर त्यानं विचारलं, "घुमलं ना?"

मी हो म्हणालो. तो माझ्या ओठांकडे पाहतच राहिला. मग मी जोरात पुन्हा म्हणालो, आणि तो 'हो' सगळ्या चर्चभर फिरून आला.