पिन काढलेला पट्टा

त्या माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडायचं हे मी ठरवलं, त्या दिवशी आईच्या तांदळाच्या डब्यात मला गोळ्यांची तीन पाकिटं सापडली होती. एकही गोळी काढलेली नव्हती.

बाबा गेल्यावर आई बसल्या जागी विझत गेली होती. केस विंचरायची नाही, जेवणाकडे बघायची नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिला वर्षभरात माणसांत आणलं. मग डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, मंडळाच्या खोलीत, हा गोडबोल्या यंत्रं घेऊन आला. दुखऱ्या कमरेला एक पट्टा, उदास मनासाठी डोक्यावर दुसरा. महिनाभर फुकट बसा, मग हवं तर घ्या. सगळ्या बायकांना तो 'आई' म्हणायचा, चहा पाजायचा आणि उठताना प्रत्येकीला सगळ्यांसमोर विचारायचा, "कसं वाटतंय, आई?"

कोणी इतक्या मायेनं विचारल्यावर 'काही फरक नाही' म्हणायची आमच्या चाळीत पद्धत नाही. "बरां वाटता," डोक्याचा पट्टा उतरवत माझी आई मालवणीत म्हणायची. टाळ्या पडायच्या. पट्टा आहे तर गोळ्या कशाला, हेही त्यानंच तिच्या डोक्यात भरवलं.

घरी मात्र ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडू लागली. मी विचारलं की तेच, "बरां वाटता."

मी परळच्या एका इस्पितळात फिजिओथेरपीत काम करते. कमरेच्या पट्ट्याला मी खोटं म्हणणार नाही. तसले पट्टे मी स्वतः लावते. मुंग्या येतात, काहींचं दुखणं तेवढ्यापुरतं दबतं, काहींचं नाही. मनाच्या आजारावरही विजेचे उपचार असतात, पण डॉक्टरांच्या नजरेखाली, चहा पीत नव्हे. त्याचा डोक्याचा पट्टा काय करतो ते मला ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, हा करंट जाणवत नाही, आतून काम करतो. तिथंच तो माझ्या तावडीत सापडला.

गोड तोंड करून मी मदतीला गेले आणि पट्टे बांधून द्यायचं काम मागून घेतलं. सलग चार दिवस डोक्याच्या पट्ट्याची पिन मी यंत्राच्या डब्यातून काढून मागे लपवली. हिरवा दिवा जळत राहिला, करंट कुठंच नव्हता. चारही दिवस सगळ्यांना बरं वाटलं. एकीला तर आधीपेक्षा जास्त. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

रविवारी टाळ्या संपल्यावर मी डबा उचलून भरल्या खोलीकडे फिरवला. पिन लोंबत होती. "चार दिवस ही अशीच आहे. आता विचारा कसं वाटतंय."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "श्रद्धापण लागते ताई," एवढंच तो पुटपुटला. संध्याकाळपर्यंत त्यानं गाशा गुंडाळला. डबे छातीशी धरून तो जिना उतरत असताना मी त्याला गॅलरीतून शेवटच्या पायरीपर्यंत पाहिलं. मला लाज वाटली नाही. अजूनही वाटत नाही.

पण बायका त्याच्यावर नाही, माझ्यावर चिडल्या. "आम्हाला येडं बनवायला आलेलीस काय गं?" शेजारच्या काकी म्हणाल्या. आई तर घरी येऊन आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरांना विचारून मी गोळी पुन्हा सुरू करायला गेले, तर माझ्या हातून घेईना. माझा सूड पुरा झाला होता आणि गोळी रोज ताटलीत तशीच राहत होती.

नवव्या दिवशी मी हट्टानं तिच्यासमोर बसले. "कसं वाटतंय?"

"बरां वाटता," ती भिंतीला म्हणाली.

तेव्हा मला कळलं. त्याला द्यायची तेच उत्तर ती मला देत होती, पाहुण्यासमोर चहा ठेवावा तसं. मी भडकले. "हे त्याला सांगायचंस, मला नको. वाईट वाटत असेल तर वाईट सांग ना!"

ती वळली. कित्येक दिवसांनी तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "वाईट वाटता. चार माणसांत तू माका खोटी पाडलंस. तुझ्यामुळां वाईट वाटता."

"अजून सांग," मी म्हटलं.

"आधी पाणी दी," ती म्हणाली आणि गोळीसाठी हात पुढे केला.