दारावरची टकटक

माझी मावशी प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यावर एकतीस वर्षं होती. सही करायला ती चाळिशीत शिकली, पण कोणतं माकड पोट दुखतंय म्हणून गप्प आहे आणि कोणतं रुसलंय, हे दारातूनच सांगायची. तिची भाची म्हणून मला तिथे नोकरी लागली, तेव्हा सगळे म्हणाले, वशिला. होताच.

तिच्या निवृत्तीला सहा महिने उरले असताना एका सकाळी आतलं सरकतं दार उघडं सापडलं. माकडांनी बोळात धुडगूस घातला होता. मावशी कडी लावायला विसरली, असा ठपका आला. तिनं छातीठोकपणे नाही म्हटलं. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत सिद्ध करा, नाहीतर घरी बसा. एकतीस वर्षांवर पाणी पडायची वेळ आली.

सोमवारी तिनं साहेबांना आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना बोळाच्या कोपऱ्यात उभं केलं. नेहमीसारखी आली, बाहेरच्या दाराच्या किल्लीनं या दारावर दोनदा टकटक केली, कडी काढली, दार सरकवलं, परत लावून निघून गेली. पाच मिनिटांत म्हातारी माकडीण पुढे आली. गजांतून हात बाहेर, कडी वर, कडी बाजूला, दार उघडं. मावशीकडे बघून बघूनच शिकली होती. साहेबांनी "आमचं चुकलं" म्हटलं आणि दाराला कुलूप आलं.

डॉक्टर मात्र हसत होते. "माकडिणीनं टकटक गाळली बघा. ती फुकटची आहे, हे तिला कळलं. तुम्हाला एकतीस वर्षांत कळलं नाही."

"माझ्या आधीचे काका करायचे," मावशी म्हणाली. "त्यांनी शिकवलं तसं करते."

सगळे हसले. मीही हसले, त्याची अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून मी दीडशहाणीनं टकटक सोडली. चौथ्या दिवशी दार ओढलं आणि आतून किंकाळी आली. पिल्लाचं बोट दाराच्या खाचेत सापडलं होतं.

मावशी धावत आली. पिल्लू डॉक्टरांच्या हाती दिलं. माझा किल्लीचा हात धरून दारावर दोनदा वाजवला. खाचेशी खेळणारी बाकीची पिल्लं टुणकन मागे सरली. मावशी बघतच राहिली. टकटक कशासाठी, हे तिलाही आजच कळत होतं. काकांनी सांगितलं नव्हतं, कदाचित त्यांनाही कुणी सांगितलं नसेल. कधीतरी कुणीतरी असंच एक चिरडलेलं बोट पाहिलं असेल. ती काळजी मावशीनं कारण न विचारता इतकी वर्षं सांभाळली. माझ्या हुशारीला ती चार दिवस सांभाळता आली नाही.

बोट वाचलं. आठवड्यानं डॉक्टर पट्टी सोडायला आले. मावशीनं कुलूप काढलं आणि दाराला हात न लावता बाजूला झाली. डॉक्टर क्षणभर थांबले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि दारावर दोनदा वाजवलं.