हळदीकुंकू आटोपलं की या

अंगण झाडून झालं, पाणी भरलं आणि घरमालकीण रोसाबरोबर मी मासे वाळत घालायला बसले. फिलिपिन्समधल्या समार बेटावरचं ते खेडं. तिकडे फिरायला फारसं कुणी जात नाही. हे गेल्यापासून मी अशीच पाठीवर सॅक घेऊन, स्वस्तात, एकटी फिरते.

"नवरा कुठे आहे?" रोसाने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"वारला."

"माझाही," ती म्हणाली आणि माशांची दुसरी टोपली माझ्याकडे सरकवली.

हे आज आठवलं, कारण आज इथे जर्मनीत, आखनमध्ये, स्नेहाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सकाळी तिचा फोन आला. "काकू, तुमचे प्रवासाचे फोटो सगळ्यांना बघायचेत. फक्त हळदीकुंकू आटोपलं की या हं. उगाच तुम्हाला अवघडल्यासारखं नको."

मी गेले. सगळ्यांच्या कपाळावर ताजं कुंकू होतं, हातात वाणाचे डबे होते. मला तिळगूळ मिळाला. "बोटीच्या डेकवर एकट्या झोपलात? धन्य आहे काकू तुमची." मी लॅपटॉपवर एकेक फोटो दाखवत राहिले.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, त्यांच्या मनात तसं काही नसतं गं."

मनात नसतं, तर मला वेगळी वेळ का दिली?

मैत्रिणींनो, माझ्या धाडसाचं कौतुक राहू दे. तुमच्या घरी मला कधी बोलावता, तेवढं सांगा.

ता. क. दुसऱ्या दिवशी मी स्नेहाला फोन करून सांगितलं, की पुढच्या संक्रांतीला मी हळदीकुंकवालाच येणार आहे.