मुंगीने बांधलेल्या वायरी

माझे भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघायचे, मग माणसांकडे. सॉकेट सैल असेल तर चहा येईपर्यंत त्यांचा जीव खालीवर व्हायचा. चाळीस वर्षं वायरमनकी केली. एकदाही शॉक बसला नाही, हे ते वयाइतक्याच सहजपणे सांगायचे. त्यांचा एकच नियम होता. "लाइन बंद आहे असं कुणी म्हणालं, तर त्याच्या शब्दाला मान द्यायचा. पण टेस्टर लावायचा." टेस्टर कायम शर्टाच्या खिशात. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांच्या खिशातून त्याचं लाल डोकं बाहेर आलेलं आहे.

माझी ताई शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. उंचीने लहान, चणीने लहान, पण हातात सतत काहीतरी घेऊन या खोलीतून त्या खोलीत. भाऊजी तिला मुंगी म्हणायचे. "मुंगी, जरा बस की." "तुम्ही बसलाय ना, दोघांच्या वाटणीचं?" असा त्यांचा संसार.

निवृत्त झाल्यावर बायका बाग करतात, शिवण घेतात. ताईने मायनिंग घेतलं. कुणीतरी विकायला काढलेलं एक ग्राफिक्स कार्ड आणलं, मग दुसरं, आणि दोन वर्षांत मागच्या खोलीत लोखंडी अँगलच्या रॅकवर सहा कार्डं ओळीने उभी राहिली. ते यंत्र दिवसभर कुठल्यातरी जाळ्यासाठी गणितं सोडवायचं आणि बदल्यात आभासी नाण्याचा कण मिळायचा. नाणं नव्हे, कण. मी एकदा म्हटलं, "ताई, यापेक्षा वीजबिल जास्त येत असेल." ती म्हणाली, "तुझ्या सोफ्यातून किती येतं महिन्याला?"

पंखे इतके घोंघावायचे की खालच्या मजल्यावरची शेजारीण दर आठवड्याला वर यायची. "तुमच्याकडे काय गिरणी टाकलीय का हो?" ताई तिला चहा द्यायची आणि यंत्रासमोरच्या दोरीवर तिचीही ओली चादर वाळत घालायची. दोन तासांत कोरडी. मग पुढचा आठवडाभर तक्रार नाही.

भाऊजींना त्यातली गणितं कळायची नाहीत, वायरी मात्र कळायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी ताईला वायरींची जुडी बांधायला शिकवलं होतं. मेणाचा दोरा, बोटाबोटावर एक गाठ, दोऱ्याचं टोक आत. एवढ्या वर्षांनी तिने ती विद्या या यंत्रावर वापरली. पॉवर सप्लायच्या पेटीतून निघालेल्या सगळ्या वायरी तिने वेणीसारख्या बांधल्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी लावली : कार्ड एक, कार्ड दोन, डिस्क. भाऊजींनी चष्मा लावून गाठी तपासल्या. "पास," म्हणाले. ती आठवडाभर सगळ्यांना सांगत होती.

गेल्या वर्षी ताई चार दिवसांच्या आजारात गेली. दवाखान्यातून आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो तेव्हा मागच्या खोलीत यंत्र घोंघावत होतं. कुणीतरी म्हणालं, ते बंद करा आधी. भाऊजी म्हणाले, "राहू दे. तिला विचारल्याशिवाय तिच्या वस्तूला हात नको." नंतर काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. तरी बंद केलं नाही.

त्यांच्या फोनवर ताईने एक पान उघडून ठेवलं होतं. हजारो लोकांची यंत्रं मिळून काम करतात आणि कुठलं चालू, कुठलं बंद ते त्या पानावर दिसतं. आपल्या यंत्राला तिने नाव दिलं होतं, मुंगी. नावापुढे हिरवा ठिपका आणि खाली बारीक अक्षरात : शेवटची दिसली, एका मिनिटापूर्वी.

हे मला उशिरा कळलं. मी डबा घेऊन जायची तेव्हा ते फोन समोर टेकवून जेवत. मला वाटायचं, बातम्या बघतायत. एकदा मागे उभी राहिले. पानावर काहीच हलत नव्हतं. एक मिनिटापूर्वी. दोन मिनिटांपूर्वी. परत एक मिनिटापूर्वी. मी भाजी वाढली आणि पाणी आणायला आत गेले.

उन्हाळ्यात यंत्र आजारी पडलं. आधी एक कार्ड गायब व्हायचं, मग सगळंच बंद पडून आपोआप सुरू व्हायचं. ठिपका लाल होई तेव्हा भाऊजींचं तोंड बघवत नसे. त्या पानाचा नियम होता : सात दिवस गप्प राहिलेल्या यंत्राचं नाव यादीतून निघून जातं.

ताईची एक वही होती. प्रत्येक बिघाड तिने डॉक्टरसारखा लिहिला होता. "कार्ड तीन : अंग तापतं, पंखा कुरकुरतो. पेस्ट बदलली, आराम." भाऊजी त्या वहीवर बोट ठेवून कामाला लागले. ब्रशने धूळ काढली. कार्डं एकेक करून उतरवली, उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. कार्डं बोर्डाला जोडणाऱ्या पट्ट्या आलटून पालटून पाहिल्या. कार्डांचा वेग कमी केला, तेव्हा यंत्र दोन दिवस टिकलं. वाढवला की पुन्हा बंद. मग त्यांनी मीटर लावला.

"हे बघ," मला म्हणाले, जणू मी त्यांच्या हाताखाली कामाला होते. "रिकामं असताना बारा व्होल्ट. कार्डं कामाला लागली की अकराच्या जवळ. उपाशी माणसाच्या पाठीवर पोतं दिल्यासारखं. कार्डं चांगली आहेत. पॉवर सप्लायची पेटीच थकलीय."

निदान शंभर टक्के बरोबर होतं. हे मी मुद्दाम सांगते.

नवी पेटी आणायला मीही गेले होते. दुकानदाराने खोक्याबरोबर वायरींची पिशवी दिली. "काका, वायरी याच वापरा हं. जुन्या लावू नका."

"दुकानाला किती वर्षं झाली?"

"सहा."

"मला चाळीस झाली," भाऊजी म्हणाले आणि हसले. ताई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, म्हणून मीही हसले.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी दाराच्या कडीला अडकवली. नव्या वायरी घालायच्या म्हणजे ताईची वेणी सोडायची. त्यांनी ती हातात घेतली, गाठींवरून अंगठा फिरवला. मग जुन्या पेटीतून फक्त टोकं काढली आणि नव्या पेटीत खोचली. एकेक टोक कट्ट करून बसलं.

"मग त्या पिशवीतल्या कशाला दिल्या?" मी विचारलं.

"अगं, नव्याबरोबर नवं देतात. याची बांधणी कारखान्यात होते का?"

त्यांनी बटण दाबलं.

मोठा आवाज झाला नाही. चट् असं वाजलं, पंख्यांनी अर्धी गिरकी घेतली, आणि डिस्कच्या चिठ्ठीपाशी धुराचा एक बारीक धागा वर आला. भाऊजींनी झटक्यात मेन पाडला. जळका वास खोलीत पसरला. आम्ही दोघं तसेच उभे.

मग त्यांनी सगळं सोडवलं, फक्त पेटी आणि वायरी सुरू केल्या आणि त्या टोकांना मीटर लावला. जिथे पाच व्होल्ट हवे होते तिथे बारा होते. ते एखाद्या साहेबाला अहवाल द्यावा तसं बोलू लागले. "टोकं बाहेरून सारखी दिसतात. पेटीच्या आत कुठली तार कुठे न्यायची ते ज्याचा त्याचा कारखाना ठरवतो. एकाच्या वायरी दुसऱ्याला चालत नाहीत. टोक बसतं, पण आतलं सगळं वेगळं."

"तुम्हाला कसं कळणार?" मी म्हटलं.

"मीटर इथे टेबलावर होता," ते म्हणाले. "बोटभर अंतरावर."

दुकानदार भला माणूस. स्वतः घरी येऊन बघून गेला. बोर्ड गेला, डिस्क गेली, चार कार्डं गेली. "मी म्हणालो होतो" असं एकदाही म्हणाला नाही. जाताना म्हणाला, "काका, नवं उभं करून देतो. नावही मुंगीच टाकू. त्या पानाला काय कळतंय?"

"त्याला नाही कळणार," भाऊजी म्हणाले. "पण ते मी टाकलेलं नाव असेल."

सातव्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा मागची खोली ओल्या पोत्यासारखी थंड होती. भाऊजी स्टुलावर बसले होते. मांडीवर ती वेणी. डिस्कच्या टोकाशी काळी पडलेली, बाकी गाठी जशाच्या तशा. तेवढ्यात शेजारीण वर आली. ती दारातच थबकली.

"आवाज बंद झाला म्हणून आले. बरं आहे ना सगळं?"

"हो. तुम्हाला त्रास झाला इतकी वर्षं."

"त्रास कसला," ती म्हणाली आणि पदर बोटाला गुंडाळू लागली. "आता दुपारची झोपच लागत नाही मला." मग जिना उतरून गेली.

फोन खिडकीत टेकवलेला होता. लाल ठिपका. मुंगी. शेवटची दिसली, सहा दिवस तेवीस तास अठ्ठावन्न मिनिटांपूर्वी. भाऊजींनी ते वाचलं. मग फोन उचलून माझ्या हातात दिला.

"थोड्या वेळाने तू बघ. मला तो टॉवेल काढायचाय."

यंत्रासमोरच्या दोरीवर त्यांचा टॉवेल होता. सवयीने सकाळी तिथेच वाळत घातलेला. ते उठले, त्याची एक बाजू चाचपली, मग दुसरी. टॉवेल ओलाच होता. त्यांनी तो काढला, घडी घातली, घडी मोडली, पुन्हा घातली. माझ्याकडे पाठ होती. मी पान ताजं केलं.

यादी रिकामी होती. या खात्यावर एकही यंत्र नाही, असं लिहून आलं.

"आहे का?" त्यांनी विचारलं.

मी ताईची धाकटी बहीण. आयुष्यभर या माणसाशी मी कधी खोटं बोलले नव्हते. त्यांच्याशी खोटं बोलून उपयोग नसे, ते तपासूनच घ्यायचे.

"आहे," मी म्हटलं. "अजून आहे."

भाऊजी वळले. थोडा वेळ त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हात पुढे करून फोन घेतला आणि न बघताच शर्टाच्या खिशात, टेस्टरच्या शेजारी ठेवून दिला.

"बरं," ते म्हणाले.