घुंगरांतली तांबडी माती

राखुंडीनं चांदी घासताना एक वास येतो. थोडा विझल्या चुलीचा, थोडा ओल्या धातूचा. आज सकाळी गॅलरीत पैंजण घासायला बसले, तर त्या वासाबरोबर घुंगरांतून तांबडी माती निघू लागली. टाचणीनं टोकरत राहिले, ती येतच राहिली. कोल्हापुरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या म्हातारीच्या पैंजणांत राधानगरीच्या रानातली माती कशी शिरली, हे सांगायचं तर आधी या पैंजणांच्या मूळ मालकिणीबद्दल सांगायला हवं. ती मीच, पण लग्नाच्या वर्षातली. तिचं नि माझं फारसं पटत नाही.

माहेर माझं हुपरीचं. घरातच चांदीचं काम चाले, त्यामुळे घुंगरांची किणकिण ऐकत झोपायचं आणि तीच ऐकत उठायचं. माझ्या लग्नात वडिलांनी स्वतः पैंजण घडवले, आणि त्यांत घुंगरं अशी दाटीवाटीनं ओवली की आईनं कपाळाला हात लावला. "अवो, लेकीला सासरी धाडायलाय, का गाडीला जुपायलाय?" वडील मान वर न करता म्हणाले, "वाजू दे की. पोरगी कुठं हाय ते माणसांस्नी कळाय नको?"

तर अशी वाजत-गाजत मी कोल्हापुरात आले. माघ सरता सरता एकदा हे म्हणाले, रविवारी फिरायला जाऊ. आता फिरायला म्हणजे पन्हाळा, तटावर उभं राहून फोटो, मग हॉटेलात गरम भजी, एवढं मी मनाशी पक्कं करून टाकलं. जरीची साडी, हातभर गजरा, उंच टाचांच्या चपला आणि पायांत तो वाद्यवृंद. एस.टी. पन्हाळ्याकडे न वळता राधानगरीकडे निघाली तेव्हाच माझा चेहरा उतरला. लग्नाआधी हे तिकडच्या धरणावर नोकरीला होते. "रानात फुलं आल्यात, तुला दाखवायची हुती," एवढंच बोलले. फुलं काय मंडईत मिळत नव्हती, असं मी मनात म्हणाले; मोठ्यानं म्हणायला लग्न अजून कोवळं होतं.

वाट तशी सोपी, सावलीतली, पोरासोरांनीही चालावी अशी. उतारांवर धायटी लालभडक पेटलेली, पानं झडलेल्या पांगाऱ्यावर पाखरांची झुंबड. पण मी पाऊल टाकावं आणि सगळं झाड रिकामं व्हावं! यांनी बराच वेळ सोसलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पैंजण काढतीस काय जरा? पाखरं उडाल्यात समदी." झालं. राणीसाहेब एका दगडावर बसल्या, पैंजण काढून यांच्या हातावर आदळले आणि मौन धरलं. यांनी ते रुमालात गुंडाळून खिशात घातले. त्या वजनानं एका बाजूला कललेला तो माणूस माझ्यापुढे गुमान चालत राहिला. आज आठवलं की त्या राणीसाहेबांच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

वळणापलीकडे अंजनीची झाडं फुलली होती. फुलांना देठ जणू नाहीतच. थेट सालीतून, फांदीला फांदी लगडून, निळाई फुटलेली. कुणी निळं सूत गुंडाळून ठेवावं तशी. रुसवा कुठल्या कुठे गेला. अशा क्षणी नव्या नवरीनं काहीतरी नाजूक बोलावं की नाही? मी ओरडले, "अगंबाई, ही तर तुमच्या शर्टाची नीळ!" त्याच आठवड्यात यांच्या पांढऱ्या शर्टांना मी इतकी नीळ घातली होती की हे आभाळ पांघरून कचेरीत गेले होते. यांना हसू फुटलं, पण पाखरं बुजतील म्हणून तोंडावर हात दाबून धरला. नुसते खांदे हलत होते.

पुढे आम्ही माघाच्या शेवटी तिथं जात राहिलो. अंजनीचा बहर चार दिवसांचा; कधी गाठ पडे, कधी नुसता सडा दिसे. पैंजण मात्र डब्यात गेले ते गेलेच.

मग काचबिंदूनं यांची नजर हळूहळू उचलून नेली. आता उजेड नि सावली, एवढंच कळतं. कुणी हाताला धरून चालवायचं, हे यांना सोसेना, म्हणून रंकाळ्यावरची संध्याकाळ सुटली, मग जिना सुटला. राहिली ती खुर्ची. चालणं सुटलेला माणूस एक दिवस आपल्याही हातून सुटेल, ही धास्ती मला लागून राहिली होती. यंदा नात म्हणाली, गाडी काढते, अंजनी बघून येऊ. हे खुर्चीतूनच म्हणाले, "मला काय दिसणार हाय तिथं? तुम्ही जावा."

मी पैंजणांचा डबा उघडला. नात बघतच राहिली. "आजी, लग्नाला निघालीस काय?"

"व्हय. तुझ्या आज्याबरोबरच."

दारापर्यंत छुमछुमत गेले, परत आले. यांनी चेहरा वर केला. "कोण आलंय?"

"हुपरीची पावणी. तुमचा हात कुणी धरायचं न्हाय. म्होरं मी, मागनं तुम्ही. आवाजावर या."

यांनी पायानं खुर्चीखालची फरशी चाचपली. मग म्हणाले, "बूट कुठं हायत माझं?"

रानात मी पुढे, मागे यांची काठी. मूळ आडवं आलं की मी पाय आपटायचा, वळण आलं की थांबून घुंगरं खुळखुळवायची. नात हसून हसून बेजार. वळणाशी मात्र माझी पावलं मंदावली. बहर सरला असला तर? वाट निळी झाली होती, बरीच फुलं झडली होती. पण एका झाडावर होती अजून. यांचा तळहात फांदीवर ठेवला. बोटं फुलांतून हळूहळू फिरली.

"रंग कसा हाय गं?"

एरवी मला शब्दांची वाण नाही. तिथं मात्र जुनाच कामी आला. मी म्हणाले, "तुमच्या शर्टाला घातलेली नीळ."

हे हसले. तोंडावर हात न धरता, सगळं रान दणाणेल असे. चार झाडांवरची पाखरं एकदम उठली.

"आता कुणी उडवली हो?" मी म्हणाले.

ती फुलं एव्हाना झडली असतील. गेलेली नजर परत यायची नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. जाणारं जातंच, मी फक्त बघते आहे, वाजायला काय उरलंय ते. वडिलांनी घुंगरं जरा जास्तच ओवली, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

काही घुंगरांतली माती मी तशीच ठेवलीय. त्यांचा आवाज घसा बसल्यासारखा येतो, माझ्या वयाला शोभतो. पैंजण पायांत घालून उठले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.