संडासाला आशीर्वाद

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्या पुण्याच्या सेमिनरीत सामाजिक न्यायाची साथ आली होती. धर्मगुरू व्हायला आलेली आम्ही पोरं सकाळी उपासना, दुपारी तत्त्वज्ञान आणि संध्याकाळी चहाबिस्किटांबरोबर गरिबांचं दुःख, असा दिनक्रम पाळायचो. भिंतीवर मुठी आवळलेल्या मजुरांची चित्रं होती. पण स्वयंपाकघरात आमची ताटं घासणाऱ्या म्हातारीला कधी कुणी 'जरा बसा' म्हटलं नाही. मला त्या चर्चांची तेव्हाच शिसारी यायची.

सुट्टीत गरिबांमध्ये जाऊन राहायचं असा नियम निघाला. मी रत्नागिरीचा, म्हणून समाजकार्य शिकवणाऱ्या फादरांनी आमची तुकडी मे महिन्यात रत्नागिरीला काढली. लाल गाडीत घाट उतरेपर्यंत सगळे ओकून बेजार झाले. पालीला गाडी थांबली तशी फादरांनी गरम भजी मागवली आणि तोंडात घास असतानाच शोषणाबद्दल बोलायला लागले. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मिरकरवाड्याला कोळंबी सोलायची एक शेड होती. बर्फाच्या पाण्यात हात घालून बायका दिवसभर उकिडव्या बसायच्या. बोटांची सालं निघालेली, अंगाला तो वास. त्यांच्यात एक मावशी होती. माझ्या लहानपणी ती आमच्या दारात मासे घेऊन यायची, आता शेडवर बसायची. तिनेच मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. बायकांना संडास नव्हता. गडी माणसं होड्यांच्या आड जात. बायका सकाळपासून थेंबभर पाणी पीत नसत. मावशीला लघवीची आग व्हायची, तापही भरायचा. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं.

"पाणी पिऊन जाव खंय, बाला?" ती म्हणाली.

फादरांना मी सांगितलं आणि ते हरखलेच. जाहीर सभा नको, पथनाट्य नको, एक संडास पुरे! परदेशातल्या मंडळींनी मदत धाडली, शेडवाल्याने कोपऱ्यातली जागा दिली. आम्ही चिरे वाहिले, खड्डा खणला. तेवढं काम मात्र मला मनापासून आवडलं.

दिवाळीच्या सुट्टीत उद्घाटन झालं. आणि इथेच आम्ही माती खाल्ली. आमच्या लोकांना नव्या वास्तूला आशीर्वाद दिल्याशिवाय चैन पडत नाही, मग ती शाळा असो की गोठा. फादर पांढरा झगा घालून आले. मेणबत्त्या लागल्या, गाणी झाली, पवित्र पाणी शिंपडलं. दारावर लाकडी क्रूस ठोकला. शेडवाल्याने नारळ फोडला. फोटो निघाले. बायका डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभ्या होत्या, आणि फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका भांड्यासमोर आणि भोकासमोर आम्ही स्तोत्रं म्हटली.

पुढच्या मे महिन्यात फादर आमची तुकडी घेऊन परत रत्नागिरीला आले. मी शेडवर गेलो तर संडासाच्या उंबऱ्यावर अबोलीची फुलं. उदबत्तीची काडी. आतलं भांडं कोरडं ठणठणीत. मावशी भिंतीला टेकून बसली होती, तोंड उतरलेलं, दोनदा दवाखान्यात जाऊन आलेली.

"जात का नाही तिथे?" मी ओरडलोच.

"देवाच्या खोलीत कशी जाव? पाप लागंल मना." आणि उलट मलाच समजावत म्हणाली, "आमी चपला पन भायेर काढताव."

आमच्या कोकणात बाया कुणाच्याही देवाला पाठ दाखवत नाहीत. हे मला, इथल्या पोराला, ठाऊक होतं. फादरांना विचारायचीही गरज वाटली नव्हती. मी धावत त्यांच्याकडे गेलो आणि क्रूस काढू द्या म्हटलं.

"अरे, उद्या परदेशचे पाहुणे येतायत," ते म्हणाले. "फोटोत क्रूस आहे. ते गेले की बघू. आणि या श्रद्धेतही एक सौंदर्य आहे, नाही का?"

सौंदर्य! बाई मूत कोंडून तापाने फणफणते आहे आणि ह्यांना सौंदर्य दिसतंय. त्या माणसाच्या गुळगुळीत दाढीची, हातातल्या कपाची, स्वतःच्या अंगावरच्या झग्याचीही मला किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी झगा घालूनच शेडवर गेलो आणि पकडीने क्रूस उपटून काढला. बायका सोलणं थांबवून बघत राहिल्या.

"क्रूस काढलास म्हनून देव गेला काय?" मावशीने विचारलं.

मग मी डबडं भरून घेतलं, आत गेलो, दार लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मुतलो. बाहेर आलो तशी मावशीने विचारलं,

"आत मुतलास?"

"हो."

"झगा घालून?"

"हो, मावशे."

तिला आधी धक्का बसला, मग हसू फुटलं. ती हसता हसता उठली, पदराला हात पुसले, माझ्या हातातलं डबडं घेतलं आणि आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

फादर पाहुण्यांना घेऊन पोचले तोवर दाराबाहेर बायकांची ओळ लागली होती. क्रूस दिसेना म्हणून त्यांचा चेहरा पडला, तरी हसत पुढे होऊन त्यांनी दाराला हात घातला. ओळीतली पहिली बाई त्यांच्यावर खेकसली, "दम धरा, फादर. आत मानूस हाय."