नॉर्वेचा अर्ज आणि रास अल खैमाचा सुतार

अबुधाबीच्या विमानतळाबाहेर पाय ठेवला आणि चष्म्यावर वाफ धरली. समोरून कोणीतरी जोरजोरात हात हलवत होतं, तो माझा नातूच असणार असं समजून मीही हात हलवला. चष्मा पुसल्यावर दिसलं, की ती कुणा मल्याळी आजींची नात होती. माझी लेक मुक्ता दोन खांबांपलीकडे उभी राहून हसत होती. नातू म्हणाला, "आज्जी, you waved at the wrong family." म्हटलं, बरं झालं, आल्या आल्या ओळखी वाढल्या.

मुक्ताचं घर मुसफ्फा या कारखान्यांच्या भागाला लागून आहे. सकाळी गॅलरीत उभं राहिलं की कामगारांच्या बसेस एकामागून एक जाताना दिसतात. काचेला डोकं टेकून झोपलेले चेहरे. मुक्ता एका इव्हेंट कंपनीत काम करते आणि त्या आठवड्यात तिच्याकडे युरोपातल्या सांस्कृतिक धोरणांवरची एक परिषद होती. "आई, तू चल. तुझाच विषय आहे," ती म्हणाली.

माझा विषय म्हणजे काय, तर रत्नागिरीच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं मी वृद्ध कलावंतांच्या मानधनाच्या फायली हाताळल्या. नमन-खेळे करणारे, ढोलकीवाले, मृदंगवाले. अर्ज, दाखले, फोटो, कात्रणं. कागद नसेल तर फाईल परत. मला त्या गोष्टीचा अभिमान होता हो, खोटं कशाला बोलू? माझ्या टेबलावरून एकही बोगस अर्ज पुढे गेला नाही.

परिषदेत मी मागच्या रांगेत, शाल पांघरून बसले. बाहेर भट्टी आणि आत महाबळेश्वर, असा तिथला कारभार. वक्ते एकेका देशाचं सांगत होते. नेदरलँड्सने वसाहतींच्या काळात नेलेल्या वस्तू मूळ देशांना परत द्यायला सुरुवात केली आहे. काही देशांत अठरा वर्षांच्या मुलांना नाटक-पुस्तकांसाठी सरकार पैसे देतं, आणि आता कुठे कुठे हात आखडता घेतायत. आयर्लंडमध्ये कलाकारांना दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते, आणि त्या बदल्यात काय केलंत ते दाखवा असं विचारत नाहीत. हे ऐकून माझी शालच खाली पडली. विचारत नाहीत? मग फाईलला लावतात काय?

जेवणाच्या वेळी हुमुस (काबुली चण्याची चटणी) घेताना माझी गाठ इंग्रिडशी पडली. ती नॉर्वेतल्या एका नौका संग्रहालयात काम करते. उंच, उन्हाने लाल झालेली, बोलायला मोकळी. तिकडे लाकडी होड्या पिढ्यान्पिढ्या डोळ्याच्या अंदाजाने बांधतात, नकाशा नसतो. "होडी काचेत ठेवून भागत नाही," ती म्हणाली. "बांधणारा हात गेला की होडी गेली. म्हणून आम्ही आता हातांना पैसे देतो." तिच्या संग्रहालयाला आखातातला एक सुतार उन्हाळ्यात तीन महिने तिथे न्यायचा होता, तरुणांना शिकवायला. जागा एकच. दुबईपलीकडच्या रास अल खैमाच्या एका गोदीतल्या मुख्य सुताराचं नाव तिला कुणीतरी सुचवलं होतं, आणि तिथे एक रत्नागिरीचा माणूसही आहे असं कळलं होतं. मुक्ताने लगेच मला पुढे केलं. "आई येईल दुभाषी म्हणून."

दुसऱ्या दिवशी इंग्रिड आणि मी निघालो. दुबई मागे पडली तशी उंच इमारती विरळ झाल्या, मग उंट दिसले, मग डोंगर. भाजलेल्या पापडासारखे कोरडे, गवताची काडी नाही. त्यांच्या पायथ्याशी सिमेंटचे कारखाने. वाटेत टपरीवर करक (उकळून घट्ट केलेला चहा) घेतला. इंग्रिडने तीन प्याले घेतले आणि जीभ भाजली.

गोदी खाडीच्या कडेला होती. फायबरच्या पांढऱ्या बोटींच्या गर्दीत एकच लाकडी जहाज उभं होतं. इथे त्याला 'लाँच' म्हणतात. अर्धवट बांधलेलं. आधी बाहेरच्या फळ्या जोडायच्या आणि मग आतून बरगड्या बसवायच्या, अशी यांची पद्धत. नकाशा नाही, मोजपट्टीसुद्धा क्वचित. इंग्रिडने फळीवरून हात फिरवला.

मुख्य सुतार कुंजुमोन. केरळचा, चाळिशीचा, खांद्यावर टॉवेल. त्याच्या मागे साठीला टेकलेले गफूरभाई, जयगडकडचे. माझं मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"रत्नागिरीच्या तुम्ही? मग बसा ना बाई, उभ्या का?" म्हणून त्यांनी स्वतःचा डबा ठेवलेलं खोकं पुसून दिलं.

दोन महिन्यांत त्यांचा व्हिसा संपत होता. अरबाब (मालक) आता लाकडी बोटी बांधणार नव्हता. "ही शेवटची. मग खलास," गफूरभाई म्हणाले. "गावात तरी कोण बांधतंय? सगळं फायबर."

इंग्रिड कुंजुमोनला प्रश्न विचारत होती, पण तिचं लक्ष गफूरभाईंच्या हातांकडे होतं. ते बोलता बोलता फळी वाकवत होते. ओलं फडकं, खाली जाळ, एक डोळा मिटलेला. तिने मला हळूच म्हटलं, "यांचाही अर्ज भरू या. निवड समिती करेल."

मी त्यांना नॉर्वेचं सगळं मराठीत सांगितलं, तसे गफूरभाई क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "बाई, तीन महिने नाही, तीन दिवस नेलं तरी चालेल. एकदा कुणीतरी म्हणायला हवं, की ह्याला येतं."

आणि मी काय केलं? सवयीने पेन काढलं आणि विचारलं, "सर्टिफिकेट आहे? फोटो, कात्रण, काही?"

त्यांनी पाकिटातून ओळखपत्र काढलं. व्यवसाय: टाइल मेसन. आले तेव्हा कंपनीकडे फरशी बसवणाऱ्याचाच व्हिसा शिल्लक होता, तोच मिळाला. आयुष्यभर बोटी बांधल्या आणि कागदावर फरशीवाले. "ऱ्हाऊ दे बाई," ते कार्ड परत ठेवत म्हणाले. "मी कामगार माणूस. कुंजूचाच भरा." मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

इंग्रिडने माझ्याकडून सगळं समजून घेतलं आणि अर्ज पुढे केला. त्यात दाखल्याची जागाच नव्हती. दोनच प्रश्न होते. कुणाकडून शिकलात? आणि कुणाला शिकवलंत? अर्जदाराकडून शिकलेल्या माणसाने स्वतः तसं सांगायचं, एवढाच पुरावा. त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

"वडलांकडून शिकलो," गफूरभाई म्हणाले. "शिकवलं कुणाला नाही. मुलगा जबल अली बंदरावर गोदामात कॉम्प्युटरवर आहे. मीच म्हटलं, ह्यात पडू नको."

"दुसरं कुणी?"

"कुणी नाही."

मी इंग्रजीत तेच सांगितलं. इंग्रिडने ओठ दाबले आणि कागद मिटला.

कुंजुमोन वर फळीवर बसून तेलात भिजवलेला कापूस फटीत ठोकत होता. ठोकणं थांबलं. तो खाली उतरला, टॉवेलने हात पुसले आणि हिंदीत मला म्हणाला, "मॅडम, झूठ बोल रहा है. मुझे इसने सिखाया."

"कुंजू, चूप," गफूरभाई म्हणाले.

"सोलह साल पहले मैं इधर पेंट का काम करने आया था. फळी... तख्ता मोडना, नाप, सब इसने सिखाया. बाद में मुझे हेड बनाया, क्योंकि काम पेंट का था, पर मेरा कार्ड कारपेंटर का था." मग कागदाकडे बोट दाखवून, "लिखो. मेरा नाम इसके नीचे लिखो."

"तुझी जागा जाईल," मी म्हटलं. "एकच आहे."

"मालूम है," तो म्हणाला आणि पुन्हा वर चढला.

मी लिहिलं. 

निघताना गफूरभाई गाडीपर्यंत आले. मी विचारलं, खोटं का सांगितलंत? ते खाडीकडे बघत म्हणाले, "त्याच्या दोन पोरी कॉलेजात आहेत, बाई, ही जागा त्यालाच मिळायला हवी. आणि अरबाबने हेड केलेल्याला मी माझा शागीर्द कसा म्हणू? मी तर दोन महिन्यांचा पाहुणा."

मी रत्नागिरीला परतले. गेल्या आठवड्यात मुक्ताचा फोन आला. समितीने गफूरभाईंना निवडलं. कुंजुमोनने स्वतःच्या मोबाइलवरून त्यांच्या घरी कळवलं, म्हणे.

मला आनंद झाला, आणि रात्रभर झोप लागली नाही. नॉर्वेचं धोरण शहाणं आहे, पण त्या दिवशी तेही कुंजूवाचून अडलंच होतं. माझ्या टेबलासमोर असे कितीतरी म्हातारे उभे राहिले. तुमच्या हाताखाली कोण तयार झालं, असं मी विचारायची. बरेच जण खाली मान घालून म्हणत, कुणी नाही. मी तसंच लिहून घेतलं, सही घेतली आणि फाईल परत केली. त्यातले किती जण कुणाला तरी सांभाळून घेत होते, हे मी कधी विचारलंच नाही.